बिनकडीचं घर

शिवरंजनी आता खोलीला आतून कडी लावून झोपते, हे कळल्यापासून नीलम्माचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोरीचं विद्यापीठातलं शेवटचं वर्ष जायची वेळ आली होती. उद्या सकाळी तिला पुन्हा चौकशी समितीपुढं उभं राहायचं होतं, आणि तिथं तिचं म्हणणं पटलं नाही तर तिचा निकाल रद्द होणार होता. कुठलीही आई त्या विचारानं हातपाय गाळून बसली असती. नीलम्माचेही गळालेच होते. पण शाळेतून आल्यावर चहाचं आधण ठेवताना, ज्वारीचं पीठ परातीत घेताना तिच्या डोळ्यांपुढं येत होती ती पुण्याच्या हॉस्टेलमधली एक कडी. वरच्या मजल्यावरची खोली, आत झोपलेली पोर, आणि दारावर आडवी सरकवलेली लोखंडी कडी.

बाकीच्या आया लेकींना फोन करून विचारतात, कडी नीट लावलीस ना गं? नीलम्मा तीन वर्षं उलटं विचारत आली होती.

सास्तूरच्या त्यांच्या घराला आतून एकही कडी नाही. भूकंपानंतर नवं गाव वसलं तेव्हा नीलम्माच्या वडिलांना, शरणप्पांना, हे घर मिळालं. सरळ गल्ल्या, एकासारखं एक घर. ताबा मिळाला त्याच दिवशी शरणप्पा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले आणि त्यांनी एकेका दाराची आतली कडी काढून टाकली. न्हाणीघराचीसुद्धा. मागं स्क्रूची भोकं राहिली, ती साबणाचा चुरा भरून बुजवली. बाहेरून कुलूप घालायची सोय ठेवली. आतून मात्र दार नुसतं लोटायचं.

"अन् चोर आला म्हंजी?" शेजारच्या कडूबाईनं विचारलं होतं.

"येऊ दे की. त्याला परत जायला तरी वाट ऱ्हाईल," शरणप्पा म्हणाले होते.

न्हाणीघरात शिरलेल्यानं सतत काहीतरी आवाज करत राहायचा, हा त्या घराचा नियम झाला. नीलम्माचं लग्न झाल्यावर जावई पहिल्यांदा मुक्कामाला आला. वीरभद्र एसटीत कंडक्टर, उमरगा डेपोला. त्याला गाणं येईना, श्लोक आठवेना. शेवटी आतून ठणठणीत आवाज आला, "लोहाराऽ, जेवळीऽ, उमरगाऽ! चला, पुढं सरका, मागं जागा न्हाय!" ओसरीवर बसलेले शरणप्पा खोकला लागेपर्यंत हसले. भूकंपानंतर त्यांना इतकं हसताना नीलम्मानं पहिल्यांदाच पाहिलं. पुढं सासऱ्याला एकटं कसं ठेवायचं म्हणून वीरभद्रनं इथंच बिऱ्हाड आणलं. शरणप्पा जाऊन आता काही वर्षं झाली, पण न्हाणीघरातली ती गाडी अजून रोज सकाळी सुटते.

शिवरंजनी या घरात वाढली. लहानपणी तिला सगळी घरं सारखीच दिसायची. खेळून आली की कुठल्याही दारातून आत शिरायची आणि ताटावर बसायची. कडूबाई म्हणायची, "नीलम्मा, तुझी पोरगी पाहुणी म्हणून येत न्हाय बाई, थेट पंगतीलाच येती!" मग पोरीनं आपली आपण एक युक्ती काढली. आत शिरायचं, दारामागं बोट फिरवायचं. कडी लागली की हे घर परक्याचं, साबणानं बुजलेली भोकं लागली की आपलं. चार वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवलं नव्हतं.

तिची बुद्धी पुढंही तशीच चालली. कडूबाईची पिठाची गिरणी होती. सणासुदीला डब्यांची रांग लागायची. पहिला डबा ज्वारीचा, दुसरा डाळीचा, तिसरा पुन्हा ज्वारीचा. कडूबाईचा अर्धा वेळ जातं झाडण्यात जायचा, आणि तरी कुणाच्या तरी भाकरीला डाळीचा वास यायचाच. शिवरंजनी तेव्हा पाचवीत होती. ती पायरीवर बसून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आज्जे, आधी सगळे ज्वारीचे डबे एकीकडं लाव. मग गहू. डाळ शेवटाला. अन् ज्वारीवाल्यांत जो आधी आला त्याचा नंबर आधी."

रांगेतल्या बायका भांडल्या, पण दळण दुपारच्या आत उरकलं. तेव्हापासून कडूबाई तिला 'आमची कम्प्युटर' म्हणायला लागली. पोरीनं तोवर कॉम्प्युटरला हातसुद्धा लावला नव्हता.

बारावी तिनं लातूरला केली. मग पुण्याला विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला नाव लागलं. पहिल्या सुट्टीत घरी आली तर कडूबाई बिघडलेला टीव्ही घेऊन दारात हजर.

"मला टीव्ही दुरुस्त करता येत नाही, आज्जे."

"अगं बया! मग तिथं शिकतीस तरी काय?"

"मशीनला काम कसं सांगायचं ते."

"मग सांग की ह्याला, बायकूसारखा गप बसू नगं म्हणून!"

"बायकू कुठं गप बसती, मावशे?" वीरभद्र आतून म्हणाला, आणि नीलम्मानं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं पेपर तोंडापुढं धरला.

यंदाच्या दिवाळीत शिवरंजनी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट डोक्यात घेऊन आली होती. गल्लीतले काचा फुटलेले, कुणी वापरत नसलेले जुने मोबाइल तिनं मागून आणले. मोबाइलला हादरा कळतो, तिनं आईला समजावलं. एक मोबाइल कडूबाईच्या गिरणीत, एक समोरच्या घरी, एक आपल्या कोनाड्यात. एकाच घरातला हलला तर सोडून द्यायचं. सगळ्या घरांतले एकदम हलले, तर प्रत्येक घरात मोठा भोंगा वाजायला हवा, माणसं बाहेर पळायला हवीत. अडचण एवढीच होती की गिरणीनंही जमीन हलते, उसाच्या ट्रॅक्टरनंही हलते. यातला फरक मशीनला शिकवायचा, हा तिचा अभ्यास. म्हणून तिनं पोरांना ओसरीवर उड्या मारायला लावल्या, बापाला घराभोवती मोटारसायकल फिरवायला लावली.

"आदळा रे, आदळा! पोरीची परीक्षा हाय," कडूबाई गिरणीतून ओरडत होती.

त्या गोंधळात शिवरंजनी स्वयंपाकघरात आली. कपाळावर घाम, हातात लॅपटॉप. "आई, हे सगळे खोटे हादरे झाले. खरा कसा असतो गं? तू तर पाहिलास ना?"

नीलम्मा बी.ए., बी.एड. लोहाऱ्याच्या शाळेत ती इतिहास-भूगोल शिकवते. भूकंपाचा धडा आला की फळ्यावर आकृती काढते, पोरांना लाटांची नावं पाठ करायला लावते, आवाज हलत नाही. त्या दिवशी ती म्हणाली, "भाकरी करपंल," आणि तव्याकडं वळली. तव्यावर भाकरी नव्हती. शिवरंजनीला ते दिसलं असणार, पण ती लॅपटॉप घेऊन परत ओसरीवर गेली. आजी आणि मावशी भूकंपात गेल्या, एवढंच तिला माहीत होतं. त्यापुढं विचारायचं नाही, हेही माहीत होतं.

त्याच सुट्टीत नीलम्मानं पाहिलं, लॅपटॉप उघडला की थेट चालू होतो.

"याला पासवर्ड नसतो का गं? आमच्या शाळेतल्यालासुद्धा आहे."

"आपल्या घरात कडी लावतात का?" शिवरंजनी हसत म्हणाली. "घाईच्या वेळी पासवर्ड आठवत बसायचं होय?"

नीलम्माला तेव्हा ऐकून बरं वाटलं होतं.

आज दुपारी ती शिक्षकांच्या खोलीत आठवीचे पेपर तपासत होती. फोन आला जास्मिनचा. शिवरंजनीच्या खोलीत राहणारी, परंड्याची मुलगी. तिचे वडील गफारभाई, एसटी स्टँडजवळ त्यांचं दुकान. एरवी जास्मिन फोनवर आधी दहा वाक्यं चेष्टेची बोलायची. आज तिनं विचारलं, "काकू, जवळपास कुणी आहे का?"

"कुणी नाही. का गं?"

"मी सांगितलं असं शिवरंजनीला म्हणू नका. तिच्यावर कॉपीची केस झालीय. प्रोजेक्टची."

"कुणावर?"

"शिवरंजनीवर, काकू."

"कोण शिवरंजनी?" नीलम्मानं विचारलं, आणि स्वतःचाच प्रश्न ऐकून ती खुर्चीतून उठली. जास्मिन पलीकडं रडायला लागली होती.

मग हळूहळू सगळं कळलं. दोन खोल्या सोडून राहणारी हर्षाली. कधी चार्जर मागायला, कधी साखर मागायला यायची. एका रात्री दोघी गाढ झोपलेल्या असताना ती खोलीत आली. दार नुसतं लोटलेलं, लॅपटॉप टेबलावर, पासवर्ड नाही. तिनं अख्खा प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घेतला, वरचं नाव बदललं आणि जमा केला. दोन्ही प्रोजेक्ट एकच निघाले. काम शिवरंजनीचं आहे, हे चौकशी समितीच्या सरांनाही पटलं. सास्तूरची गिरणी हर्षालीच्या प्रोजेक्टमध्ये कुठून येणार? पण हर्षाली म्हणाली, तिनंच दिला, मैत्रिणीत चालतं म्हणाली. आणि विद्यापीठाचा नियम असा की घेणाऱ्याला जी शिक्षा, तीच देणाऱ्याला.

"अगं, पण दिलाच नाही तिनं!"

"तेच तर कुणाला पटत नाही. सर म्हणाले, संगणकाच्या सुरक्षिततेच्या पेपरात जी वर्गात पहिली आली, तिच्या लॅपटॉपला पासवर्ड नाही, खोलीला कडी नाही, हे आम्ही खरं मानायचं?"

"मग ती काय म्हणाली?"

"ती म्हणाली, आमच्या घरात लावत नाहीत. सगळे हसले, काकू. एक मॅडम म्हणाल्या, का बरं लावत नाहीत? तर ही गप्प. खाली बघत उभी राहिली. त्यांना वाटलं, खोटं पकडलं गेलं."

"तू सांगायचंस ना, ती कडी लावू देत नाही म्हणून."

"सांगितलं. पहिल्या वर्षी आमचं त्यावरून किती भांडण झालं, ते सगळं सांगितलं. मी लावायचे, ही उठून काढायची. ते म्हणाले, तू तिच्याच खोलीतली, तू तिच्याच बाजूनं बोलणार."

जास्मिननं सरांचा नंबर पाठवून दिला. नीलम्मानं उरलेले पेपर तसेच कपाटात कोंबले, मुख्याध्यापकांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि रस्त्यावर येऊन लेकीला फोन लावला.

"जास्मिननं सांगितलं ना?" शिवरंजनीनं पहिलं वाक्य हेच म्हटलं. तिचा आवाज कोरडा होता. "सांगणारच ती. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"मी सरांशी बोलते."

"अजिबात नाही. मी काय पाचवीत आहे का? आणि बाबांना इतक्यात सांगू नकोस, ते बस घेऊन विद्यापीठात शिरतील."

हे बोलून ती हसली, पण ते हसणं अर्ध्यातच राहिलं.

"बाळा, तू जेवतेस ना?"

"जेवते. आणि तू आता घाबरू नकोस, परत असं होणार नाही. मी पासवर्ड घातलाय. खोलीला पण आतून कडी लावून झोपते. जास्मिन तर जाम खूश आहे."

समोरून ट्रॅक्टर गेला. नीलम्मानं शाळेच्या कुंपणाचा खांब धरला.

"काय लावतेस?"

"कडी, आई."

"काढ ती."

"काय?"

"काढ म्हणते ना! आत्ताच्या आत्ता काढून टाक. लावायची नाही!"

रस्त्यानं जाणाऱ्या दोन बाया थबकून बघायला लागल्या. मग शिवरंजनी बोलली, आणि लहानपणापासून या मुलीनं आईशी असा आवाज कधी काढला नव्हता.

"का पण? एकदा तरी सांगशील का मला? तिथं चारचौघांत मला विचारलं, का लावत नाहीत, तर माझ्याकडं उत्तरच नव्हतं! जन्मापासून मी ते पाळलं आई, जास्मिनशी भांडून पाळलं, आणि मला माहीतच नाही का ते! खोटारडी दिसले मी. मला स्वतःलाच मी खोटारडी वाटले."

आणि फोन बंद झाला.

वीरभद्र ड्यूटीवरून आला तेव्हा दिवेलागण झाली होती. खाकी सदऱ्याची बटणं काढत त्यानं नेहमीसारखं विचारलं, "काय बाई, आज शाळेत कुणाला बडवलं?" मग तो स्वयंपाकघरात डोकावला. बायको परातीपुढं बसली होती आणि पिठाचा गोळा हातात सुकून गेला होता.

नीलम्मानं सगळं सांगितलं. लेकीनं नको म्हटलं होतं, तरी सांगितलं. तो उंबऱ्यावर मटकन बसला.

"आपली शिवा? कॉपी?" तो पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत राहिला. "अगं, ती पहिलीत असताना पाटी झाकत न्हवती. दुसऱ्यानं बघितलं तर बघू दे म्हणायची." मग तो ताडकन उठला. "म्या जातो. आत्ता निघालो तर सकाळला पुण्यात."

"जाऊन काय सांगणार?"

तो पुन्हा उंबऱ्यावर बसला. "सरांचा नंबर हाय का?"

"आहे."

"मग लाव की. तू मास्तरीण हाईस, तुला बोलता येतंय. आमच्या घरात असं हाय म्हणून सांग."

"मी सांगितलं तर सर माझ्यावर विश्वास ठेवतील. पण लोक म्हणतील, आई रडली म्हणून सोडलं. तिच्यावर कोण ठेवणार? ते तिच्या तोंडून यायला पाहिजे."

"तिला कुठं माहीत हाय?"

नीलम्मानं हातातला सुकलेला गोळा परातीत टाकला.

"मला तरी कुठं माहीत हाय?" वीरभद्र खालच्या आवाजात म्हणाला. "एवढी वर्षं झाली, न्हाणीत गाड्या सोडतुया मी. पण का सोडायच्या, हे मामांनी बी सांगितलं न्हाय अन् तू बी न्हाय. म्या बी कधी विचारलं न्हाय. वाटलं, तुझं तू सांगशील."

ती हात न धुताच उठली. बाहेरच्या दारामागं जाऊन तिनं बोट फिरवलं. साबण कधीचा वाळून पिवळा पडला होता, पण भोकं होती तिथंच होती.

त्या वेळी ती आठ वर्षांची होती. गणपती बोळवून सगळे दमून झोपले होते. ती हट्टानं वडिलांजवळ, अप्पांजवळ, बाहेर ओसरीवर झोपली होती. आत आई आणि अक्का. अक्का भित्री. मिरवणुकीतल्या दंगेखोर पोरांना भिऊन तिनं आतून कडी लावली होती. पहाटे जमीन गुरासारखी हंबरली. अंगणात फेकली गेल्यावर नीलम्मानं पाहिलं, भिंती वाकल्या होत्या, पण दार उभं होतं. चौकट तिरपी होऊन कडी अडकली होती. अप्पा खांद्यानं दार ढकलत होते. आतून अक्काचा आवाज येत होता. ती ओरडत नव्हती, रडत नव्हती. "अप्पा, कडी निघंना," एवढंच म्हणत होती, "अप्पा, कडी निघंना ओ," जणू काही तिचीच चूक झाली होती आणि अप्पा रागावतील. मग मातीचं छत, ते जड माळवद, खाली आलं आणि आवाज थांबला. धूळ बसल्यावर सभोवती नुसता दगडांचा ढीग होता, आणि मधे ते दार, आतून कडी लागलेलं.

आणि तिची पोरगी आज चार लोकांपुढं खाली मान घालून उभी राहिली होती. तिच्याजवळ उत्तर नव्हतं, कारण उत्तर आईनं स्वतःजवळ ठेवून घेतलं होतं. नीलम्माला वाटत होतं, न सांगून आपण लेकीला त्या पहाटेपासून लांब ठेवलं. पण पोरगी तर कधीच तिथं पोचली होती. घराघरांत मोबाइल मांडून, भोंगा बसवून, सगळ्यांना वेळेवर बाहेर काढायच्या खटपटीला ती लागली होती. आणि एकदा सरळ विचारलंही होतं तिनं, खरा हादरा कसा असतो गं?

नीलम्मा आत आली. तिनं गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि फोन घेतला. वर सरांचा नंबर होता. तो तिनं तसाच राहू दिला.

"कुणाला लावतीस?" वीरभद्रनं विचारलं.

"शिवाला. उद्या तिला विचारतील, का लावत नाहीत. तिला सांगता आलं पाहिजे."

तो उठून बाहेर जायला लागला. आई-लेकीचं बोलणं म्हणून.

"जाऊ नका," ती म्हणाली. "तुम्हीही बसा इथं. मला हे दोनदा सांगता येणार नाही."